कागदावर गेलेला माणूस

२ फेब्रुवारी

भिंगरे,

पाकिटावर 'शाईकाका, पोलीस चौकी' एवढाच पत्ता घातलास आणि तरी पत्र बरोबर माझ्या टेबलावर आलं. टपालवाला म्हणाला, "निळ्या बोटांचा दुसरा माणूस या भागात नाही." गेली अठ्ठावीस वर्षं या चौकीचा लेखनिक म्हणून कागद काळे केल्याचं हे एवढं फळ मिळालं.

कवायतीत पहिली, कायद्यात पहिली आणि नेमबाजीत दुसरी! दुसरी का, याचा जाब नंतर घेईन. वाचल्यावर मी उठून व्हरांड्यात चार फेऱ्या मारल्या. नऊ वर्षांची होतीस तेव्हा या चौकीत दोन मिनिटं एका जागी बसायची नाहीस, म्हणून हवालदारांनी, तुझ्या बाबांनी, तुला भिंगरी नाव पाडलं. तीच तू आता वर्दी घालणार. ऊर भरून आला, ते लपवत नाही.

दुसरं पान मात्र वाचवेना. नेमणूक इथेच मागितलीस? बाबांच्याच चौकीत?

अगं, आहे काय इथे? दोन खोल्या आणि एक व्हरांडा. पुढच्या खोलीत माझं टेबल, वायरलेसचा सेट आणि उघडताना किंचाळणारं लोखंडी कपाट. मागच्या खोलीत जप्तीच्या सायकली, ज्यांचे मालकही आता सायकल चालवायच्या वयाचे राहिले नसतील. खिडकीची एक काच आठ वर्षांपासून पुठ्ठ्याची आहे. फौजदार महिन्यातून दोनदा येतात आणि आल्या आल्या घड्याळ बघतात. शहरात नेमणूक माग. तिथे बढती आहे, सोबतीला माणसं आहेत, चांगले डॉक्टर आहेत.

तू विचारलंस की त्या दिवसाचं सगळं पुन्हा एकदा नीट लिहून कळवा. पोरी, दर सतरा मार्चला चौकीसमोर बाबांच्या स्मारकाच्या दगडापाशी उभं राहून मी ते सांगत आलोय. तुलाही पाठ असेल. लाकडाच्या वखारीवरून दोघा भावांचं भांडण कोर्टात गेलं होतं. वखारीला कुलूप लावायचा हुकूम घेऊन दुपारी अडीच वाजता तुझे बाबा आणि मी निघालो. नाला ओलांडून वखारीपाशी पोचलो तर धाकट्या भावानं रानडुकरं हाकायची बंदूक काढली. हवालदारांनी मला मागे ढकललं. गोळी त्यांच्या मांडीत लागली. मला कोपराला लागलं. प्राण जाताना ते म्हणाले, "भिंगरीला सांग, बापानं पाय मागे घेतला नाही." दगडावर कोरलंय तेच.

याहून जास्त माझ्याकडे नाही. या सतरा मार्चला तू माझ्या शेजारी उभी राहून तेच शब्द बोलणार आहेस आणि वहिनींनाही इतक्या वर्षांनी घेऊन येणार आहेस म्हणतेस. वहिनींना एवढ्या लांबचा प्रवास झेपेल का? विचार कर. नेमणुकीचाही विचार कर.

तुझा,
शाईकाका

९ फेब्रुवारी

भिंगरे,

म्हणजे हुकूम निघालासुद्धा. एक मार्चला हजर. मी आपला काचेचं आणि कपाटाचं रडगाणं गात बसलो आणि तू तिकडे सही करून मोकळी झालीस. हट्टीपणात बापाच्या वर ताण आहेस.

पत्राच्या शेवटी तू सहज विचारलंस, "काका, इथे रोज घोकून घेतात की कॉलला एकट्यानं जायचं नाही, जोडीनं जायचं. आपल्या चौकीत माझी जोडी कोण? तुम्हीच ना?" पुढे एक हसरं तोंड काढलंस. चार दिवस ते तोंड माझ्याकडे बघतंय.

ऐक. हे पत्र वाचून झालं की फाडून टाक.

चौकीत माणसं तीन. फौजदार कागदोपत्री इथले, पण बसतात मुख्य ठाण्यात. उरले दोन, हवालदार आणि लेखनिक. नियम दोघांचा. दोघं गेले तर चौकीला कुलूप लागतं, आणि कुलूप लागलेलं कुणी पाहिलं तर वरून जाब येतो. एकटा गेला तर नियम मोडतो, त्याचाही जाब येतो. जाब दोन्हीकडून. मग डायरीत लिहायचं, 'दुपारी अडीच, हवालदार व लेखनिक रवाना.' जायचं हवालदारानं एकट्यानं. लेखनिक खुर्चीतच. अशा लेखनिकाला आमच्यात 'कागदी जोडीदार' म्हणतात.

त्याला एकच पथ्य असतं. कागदावर तो बाहेर गेलेला असतो, तेव्हा त्यानं दार लोटून घ्यायचं आणि सेट वाजला तरी उचलायचा नाही. चौकीतून आवाज गेला तर मुख्य ठाण्यात कळणार की रवाना झालेला माणूस आत बसलाय. म्हणून गप्प बसायचं. मी तर त्या वेळात खोकतसुद्धा नाही. सवय झालीये.

ही पद्धत कुणी सुरू केली ते आता आठवत नाही. तुझ्या बाबांच्या नंतर दोन हवालदार आले, दोघांनीही तीच चालवली. दुसरा डिसेंबरात निवृत्त झाला. त्याच्या जागी तू. म्हणजे एक तारखेनंतर तू नाला ओलांडून, टेकडी चढून, कुणाच्याही अंगणात एकटी जाऊन उभी राहशील, आणि डायरीत तुझ्या शेजारी मी असेन. माझं ठीक आहे, मी एकतीस मार्चला निवृत्त होतोय. माझ्या खुर्चीत दुसरा कुणी येईल आणि तोही कागदावर येईल.

म्हणून म्हणतो, नेमणूक बदलून घे. आजारपणाचं कारण दे. वहिनींचं दे.

त्या दिवसाबद्दल काही मनात आणू नकोस. त्या दिवशी मी गेलो होतो.

शाईकाका

११ फेब्रुवारी

भिंगरे,

परवाचं पत्र पेटीत टाकलं आणि पेटीचं झाकण हातात धरून उभा राहिलो. टपालवाला म्हणाला, "परत हवंय का?" मी नाही म्हणालो. हवं होतं. त्यातलं शेवटचं वाक्य खोटं आहे.

मी गेलो नव्हतो. त्या दिवशीही मी कागदावरच गेलो होतो.

हे लिहायला मला दोन दिवस लागले. पंधरा वर्षं आणि दोन दिवस. आता लेखणी सुटली आहे तर पुढचंही लिहून टाकतो.

मी वखारीपाशी पोचलो तेव्हा साडेचार वाजून गेले होते. हवालदार गेले होते. ओंडक्यांच्या थप्पीला पाठ टेकून बसलेले, पाय पसरलेला, कमरेचा पट्टा मांडीला आवळलेला. हातात त्यांचा छोटा सेट. गोळी घालणारा धाकटा भाऊ पायरीवर बसला होता. बंदूक त्यानं लांब फेकून दिली होती. मला बघून म्हणाला, "पाणी पाजलं मी त्यांना. फक्त पायापाशी मारायची होती हो." माझं कोपर फुटलं होतं ते नाल्याच्या उतारावर सायकलवरून पडून. दगडावर 'जखमी सहकारी' म्हणून माझं नाव आहे ना? ते त्या सायकलच्या कृपेनं.

संध्याकाळी फौजदार आले. आधी त्यांनी डायरी बघितली, मग मला. डायरीत दोघांची रवानगी माझ्याच अक्षरात, टपोरी. त्यांनी कपाळाला हात लावला नाही, ओरडले नाहीत. म्हणाले, "हे बघा, तुम्ही तिथे होतात. नसलात तर आपण तिघंही घरी. हवालदारही, मेलेला असला तरी. खोटी नोंद करून एकटा गेला म्हणतील, त्याच्या बायकोच्या हाती काही पडायचं नाही." माझ्या कोपराकडे बोट दाखवलं. "हे झटापटीत लागलं." मी मान हलवली. मान हलवणं मला नेहमीच सोपं गेलंय.

धाकट्या भावानं गुन्हा पहिल्याच दिवशी कबूल केला, म्हणून कोर्टात माझी कुणी उलटतपासणी घेतली नाही. तो मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिला की पोलीस एकटाच आला होता. लोक म्हणाले, भेदरलेला होता, त्याला काय दिसलं असणार. सगळ्या प्रकरणात खरं बोललेला तो एकटाच.

तू विचारशील, अडीचला गेलेला माणूस चारपर्यंत आला नाही तेव्हा तुम्ही काय करत होतात? मला काही कळलं नव्हतं, पोरी. सेट गप्प होता.

शाईकाका

१८ फेब्रुवारी

भिंगरे,

तुझं उत्तर नाही. रोज अकराला टपालवाला येतो, मान हलवतो आणि जातो. तू लिहावंस असं मी तरी काय लिहिलंय म्हणा.

सेट गप्प नव्हता.

आता मात्र सगळं सांगतो. मधेच थांबलो तर पुन्हा काहीतरी लपवेन, मला माझा स्वभाव माहीत आहे.

वखार नाल्यापलीकडे खोलगटात आहे. तिथून छोट्या सेटचा आवाज कसाबसा आपल्या चौकीपर्यंत पोचतो, मुख्य ठाण्यापर्यंत नाही. चौकीतला मोठा सेट मात्र मुख्य ठाण्यात खणखणीत ऐकू जातो. म्हणजे त्या दुपारी हवालदारांचा आवाज ऐकणारा जगात मी एकटा होतो, आणि मी तोंड उघडलं असतं तर ते सगळ्यांना ऐकू गेलं असतं.

तीन वाजून दहा मिनिटांनी सेट खरखरला. "चौकी, चौकी." मी हसलो. हो, हसलो. तुझ्या बाबांना ही खोड होती. मी कागदावर बाहेर असलो की मुद्दाम बटण दाबून मला दचकवायचे आणि परत आल्यावर विचारायचे, "काय शाईवाल्या, खुर्चीतून पडलास की नाही?" मला वाटलं, चालू झाला यांचा चावटपणा.

तीन वाजून सतरा मिनिटांनी पुन्हा. "चौकी." एकदाच. आवाज बारीक होता. मी म्हटलं, सेटचे सेल उतरले असतील.

तिसऱ्यांदा तीन पंचवीसला. "शाईवाल्या, उचल रे."

सेटवर कुणी कुणाला अशी हाक मारत नाही. तो नियम तुझे बाबासुद्धा पाळायचे, कितीही थट्टा असली तरी. ती हाक ऐकली त्याच क्षणी मला कळलं की ही थट्टा नाही. 'मला वाटलं', 'बहुधा', 'कदाचित' असलं काही मी आता लिहिणार नाही. मला कळलं होतं.

आणि मी उचलला नाही. पुढ्यात आवक-जावकचं रजिस्टर होतं, नव्या पानाचा समास आखायचा होता. मी पट्टी ठेवली आणि रेघा मारत बसलो. ते पान अजून कपाटात आहे. एकोणीस रेघा आहेत आणि एकही वाकडी नाही. डोक्यात एवढंच फिरत होतं की उचलला तर नोकरी गेली, आणि न उचलता गेलो तर तिथे काय असेल. तीन पन्नासला मी सायकल काढली. पंचवीस मिनिटं. सायकलवर तरी सुसाट गेलो असेन असं समजू नकोस. नाल्याच्या अलीकडे उतरून मी बराच वेळ उभा होतो, कोपर नुसतं निमित्ताला फुटलं. डॉक्टर नंतर म्हणाले, "अर्धा तास आधी आणला असता तर पाय गेला असता, माणूस राहिला असता."

आता ती पद्धत कुणी सुरू केली ते. आठवत नाही लिहिलं होतं, तेही खोटं. तुझ्या बाबांनीच सुरू केली, माझ्यासाठी. वखारीच्या त्या दिवसाच्या दोन वर्षं आधी खडीच्या खाणीवर जमावानं दगडफेक केली. माझ्या डोक्याला सात टाके पडले. त्यानंतर कॉल आला की माझे पाय उंबऱ्याशीच थिजायचे. पुढे पडायचेच नाहीत. दुसरा कुणी असता तर वर कळवलं असतं आणि मी घरी बसलो असतो. तुझे बाबा म्हणाले, "तुझं अक्षर चांगलं, माझे पाय चांगले. दोघं मिळून एक बरा पोलीस होतो. तू लिही, मी जातो." त्यांनी मला पोटाशी घेतलं, भिंगरे. त्या मायेपायीच ते गेले.

आणि ते शब्द. दवाखान्याच्या बाकावर वहिनींनी माझी बाही धरली. "भावजी, तुम्ही होतात ना? काय म्हणाले?" त्यांच्या पलीकडे तू बसली होतीस, एका पायात बूट आणि एका पायात नुसता मोजा. काहीतरी द्यायला हवं होतं. मी तिथल्या तिथे जुळवलं. बापानं पाय मागे घेतला नाही. पाय मागे घेणारा मी होतो, म्हणून मला तेच सुचलं असणार. पुढे ते दगडावर कोरलं गेलं आणि तू त्यावर आयुष्य उभं केलंस.

खरे शेवटचे शब्द मी वर लिहिले आहेत. तीन.

तुला जे करायचं ते कर. वर कळव, वहिनींना सांग, पेपरात दे. फक्त इथे कॉलला एकटी जाऊ नकोस.

२६ फेब्रुवारी

भिंगरे,

तुझं कार्ड मिळालं. दोन ओळी. "आईला यातलं काहीही कळता कामा नये. एक तारखेला हजर होते." अक्षर बापासारखंच, उजवीकडे पळणारं.

मला वाटलं होतं शिव्या येतील. आल्या असत्या तर बरं झालं असतं, निदान त्यांना उत्तर देता आलं असतं.

तुझं कार्ड यायच्या आदल्या दिवशी मी मुख्यालयात जाऊन आलो होतो, तेही सांगून टाकतो. त्या वेळचे फौजदार आता तिथे मोठे साहेब आहेत. खोलीत गालिचा, टेबलावर काच, काचेखाली नातवंडांचे फोटो. मी अर्ज पुढे केला. दोन पानं, सगळं खरं. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला, मधे एकदा "अक्षर काय सुंदर आहे हो तुमचं" म्हणाले.

मग म्हणाले, "निरोप समारंभाला महिना उरलाय. हे काय काढलंत?"

"साहेब, ती पोरगी एकटी जाईल."

"त्या दिवसासाठी पदक मिळालेला माणूस तुम्ही. हे वाचून कुणी विश्वास ठेवणार नाही. वय झालंय, मनाला लागून राहिलंय म्हणतील. आणि समजा ठेवला विश्वास, तर ही नोंद करायची पद्धत कुणाची? तुमच्याच हवालदाराची. पोरीला पहिल्याच महिन्यात बापाची अब्रू भेट देताय का?"

मी म्हणालो, "निदान तिथे एक माणूस वाढवा."

"माणसं आहेत कुठे? असती तर तेव्हाच नसती का दिली?" त्यांनी अर्जाची नीट घडी घातली आणि माझ्याच खिशात ठेवली. चहा मागवला. माझ्या कपात दोन चमचे साखर त्यांनी स्वतः घातली. मी तो चहा प्यायलो, भिंगरे. बशीत सांडलेलासुद्धा.

बाहेर पडलो तर पहारेकऱ्यानं मला कडक सलाम ठोकला. पदकवाल्यांना इथे सलाम करतात. मीही उलट सलाम केला. खरं सांगायला गेलो तर सांगू देत नाहीत, आणि न सांगता जगायची मला इतकी सवय झालीये की परतीच्या गाडीत खिडकीपाशी जागा मिळाली तर मला बरं वाटलं. माझीच मला किळस आली.

अर्ज कपाटात ठेवलाय, त्या एकोणीस रेघांच्या रजिस्टरात. चावी डाव्या खणात असते.

१७ मार्च, संध्याकाळ

भिंगरे,

सतरा दिवस आपण एका खोलीत बसतोय. तुझं टेबल आणि माझं टेबल यांच्यात चार हातांचं अंतर आहे आणि मी तुला पत्र लिहितोय. तोंडानं बोलायला गेलो तर तू "काम असेल तर बोला" म्हणतेस. काम नसतं.

तू आल्या दिवशी कपाट उघडून रजिस्टर काढलंस, ते मी पाठमोऱ्या कानांनी ऐकलं. त्या पानावर तू बराच वेळ थांबलीस. मग अर्ज वाचलास, परत ठेवलास, चावी खणात टाकलीस.

पाच तारखेचं मात्र मला लिहून ठेवायचंय, कारण ते डायरीत मावलं नाही. दुपारी निरोप आला, टेकडीपलीकडे विहिरीवरून दोघं कुऱ्हाडी घेऊन उभे आहेत. तू उठलीस, टोपी घातलीस. मीही उठलो. देवाशप्पथ उठलो, उंबऱ्यापर्यंत आलोही. तिथे पाय थिजले ते थिजलेच. तू वळून एकदा माझ्या बुटांकडे बघितलंस. मग परत आत आलीस, मोठा सेट उचललास आणि ठणठणीत आवाजात म्हणालीस, "चौकीतून बोलतेय. कॉल आहे. इथे जाण्याजोगा माणूस एकच आहे. दुसरा पाठवा. तो आल्याशिवाय मी निघणार नाही, आणि डायरीत मी तसंच लिहितेय."

सगळ्या चौक्यांवर ते ऐकू गेलं असणार. अर्ध्या तासात शेजारच्या चौकीचा शिपाई मोटारसायकलवर आला आणि तुम्ही दोघं गेलात. दुसऱ्या दिवशी तो तात्पुरता इथेच नेमला गेला. एवढ्याच वाक्याचं काम होतं. पंधरा वर्षं ते वाक्य याच खोलीत, याच सेटपासून हातभर अंतरावर बसून होतं. 'जाण्याजोगा माणूस एकच' यात मी नव्हतो, ते बरोबर आहे.

तू सुखरूप परत आलीस. त्या दिवशी मी खूप रडलो, मागच्या खोलीत, सायकलींमध्ये. मला वाटलं, संपलं आता. माझ्या हातून जे व्हायचं ते झालं. निवृत्त होईन, कुठेतरी खोली घेईन, मरेन.

मग आज उजाडलं.

दगड धुतला होता. बँडवाले चौघेच आले, पण मनापासून वाजवत होते. मोठे साहेब आले, बोलले, घड्याळ बघितलं. वहिनी पहिल्या रांगेत होत्या. किती वाळल्या आहेत गं. पंधरा वर्षांत मी त्यांना एकदाही भेटायला गेलो नाही आणि त्या मला दरवर्षी एक पत्र पाठवत राहिल्या. मी उभा राहिलो. दगडाकडे बघून बोलायची मला सवय आहे, पण आज तू माझ्या डाव्या हाताला उभी होतीस, वर्दीत, नजर समोर. मला वाटलं होतं तू मधेच थांबवशील. मी दोनदा थांबलो तुझ्यासाठी. तू थांबवलं नाहीस. मग मी सगळं सांगितलं. अडीच वाजता निघालो. मला मागे ढकललं. आणि शेवटचे शब्द तू बोललीस, स्पष्ट, न अडखळता. सगळ्यांनी माना खाली घातल्या.

तुला खोटं बोलताना मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. ते मी शिकवलेलं होतं.

कार्यक्रम झाल्यावर वहिनी काठी टेकत माझ्याकडे आल्या. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला, हाच, शाईचा. म्हणाल्या, "भावजी, लोक विचारतात एवढी वर्षं कशी काढलीत. मी सांगते, ते एकटे गेले नाहीत. त्यांच्याजवळ आपला माणूस होता. रोज झोपताना मी एवढंच म्हणते, भावजी होते. मग झोप लागते."

तू माझ्यासमोर उभी होतीस. माझ्या तोंडाकडे बघत होतीस, डोळे न हलवता.

"हो वहिनी," मी म्हणालो. "मी होतो."

"आता तुम्ही मोकळे होताय. आमच्याकडे यायचं. वर्षातून एकदा तरी यायचं आणि मला सगळं पहिल्यापासून सांगायचं. माझं विसरायला होतं हल्ली. तुम्ही सांगितलंत की पुन्हा पक्कं होतं. याल ना?"

तेव्हा तू पुढे झालीस, वहिनींच्या खांद्यावर हात ठेवलास आणि अगदी मऊ आवाजात म्हणालीस, "येतील ना, आई. का नाही येणार? दर सतरा मार्चला येतील. आणायला मी स्वतः जाईन."